उजेडाचा डोळा

कपाळावर खूण करायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून लोक कधी डॉक्टरांना नावं ठेवतात, कधी त्या सुनेला, आणि मला मात्र 'बिचारी, चांगलंच करायला गेली होती' असं म्हणून सोडून देतात. मला असं सोडून दिलेलं आवडत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नागपूरच्या धरमपेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. वय बत्तीस. राग नाकावर आणि जिभेला हाड नाही, असं माझ्या घरचेच म्हणायचे. आमच्या ओळखीचे एक डोळ्यांचे डॉक्टर दर वर्षी नाताळच्या सुट्टीत एखाद्या खेड्यात मोफत शिबिर घ्यायचे. खर्च एका धर्मादाय मंडळाचा, जागा गावातल्या शाळेची, हत्यारं डॉक्टरांची, आणि बाकीची सगळी उस्तवार आम्हा चार-पाच जणांची. त्या वर्षी शिबिर बुटीबोरीच्या पुढे आडवाटेच्या एका गावात होतं. आता तिकडे कारखाने झालेत. तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता कापूस आणि तूर होती. सकाळपासून बैलबंड्या यायच्या, आणि बंडीतून उतरणारी म्हातारी माणसं आधी एक पाय खाली सोडून जमीन चाचपायची. लागली की मग दुसरा पाय.

ही माणसं विनाकारण आंधळी होती. मोतीबिंदू पिकला आणि काढला नाही, एवढाच त्यांचा आजार. पाव तासाचं काम. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा माझं डोकंच सणकलं होतं. म्हणजे कुणाला घरात कोंडून दाराला कुलूप लावलेलं असावं आणि किल्ली त्याच घराच्या खुंटीला असावी, तसला प्रकार. म्हणून मी शिबिराला जायला लागले. दया वगैरे नंतर आली, आधी राग आला होता.

कामाची रीत अशी. पहिल्या दिवशी डॉक्टर एकेकाला बसवून बॅटरीचा उजेड डोळ्यावर पाडायचे, कधी वरून, कधी बाजूने, आणि विचारायचे, उजेड कुठून येतो. ज्याला सांगता आलं त्याचा डोळा आतून जिवंत. मग मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवून डोळा दाबून बघायचे. काही डोळे गोटीसारखे कडक लागायचे. तो काचबिंदू. त्या डोळ्याची नजर गेलेली, ती परत आणणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. कुठला डोळा करायचा ते कागदावर लिहिलं जायचं खरं, पण ऑपरेशनच्या दिवशी कागद वाचत बसायला कुणाला फुरसत नसे. आदल्या वर्षी आम्ही कपाळावर चिकटपट्टी लावली होती. साबणाने तोंडं धुतल्यावर निम्म्या पट्ट्या गळून पडल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला फैलावर घेतलं. म्हणून या वर्षी मी जखमेला लावतात ते लाल औषध आणलं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या भुवईच्या वर कापसाच्या बोळ्याने चांगला ठसठशीत गोल. पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही. डॉक्टर म्हणाले, "वा, मास्तरीणबाई, डोकं चालते तुमचं." मी दिवसभर फुगून वावरत होते.

ती बाई सुनेचा खांदा धरून आली. साठीच्या आसपासची, काटक, फिक्कट लुगडं, चालताना मान थोडी वर उचललेली, जसं काही दूर कुणाला शोधतेय. गावातलीच शेतकरी घरची. तिच्या दोन्ही बुबुळांत सारखाच पांढरा ठिपका होता. वरून बघून फरक कळत नव्हता. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर बॅटरी धरली, तिला काही कळलं नाही. दाबून बघितला, कडक. डाव्यावर धरली तर तिने बोट करून नेमकी दिशा दाखवली, चारही वेळा. "उजवा संपला," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "डावा घेऊ. पण यंदाच घेऊ. हा पिकून फुटायला आलाय. फुटला की उजव्याच्या वाटेने जाईल. तो तसाच गेलेला आहे."

हे सगळं ते माझ्याशी बोलले. बाई दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती, पण तिच्याशी कुणी बोललं नाही. मी तिला फक्त इतकंच म्हणाले, "मावशी, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," आणि भुवईच्या वर लाल गोल काढून पुढच्या माणसाकडे वळले. रांग लांब होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातपासून सुरुवात झाली. चौथीचा वर्ग म्हणजे आमचं ऑपरेशन थिएटर. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता तसाच. दोन टेबलं, एकावर डॉक्टर काम करायचे तोवर दुसऱ्यावर कंपाउंडर पुढच्या माणसाला तयार ठेवायचा. माझी जागा दाराशी. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांची नावं बघायची, कपाळ बघायचं, आत सोडायचं. तेवढ्यात हत्यारं उकळायचा स्टोव्ह फरफरायला लागला, आणि तो चालवता येणारी मी एकटीच. मी मागच्या पडवीत जाऊन पिन मारली, पंप मारला, पाण्याला उकळी येईपर्यंत थांबले. दहा-बारा मिनिटं गेली असतील.

परत आले तर ती सून भिंतीशी उन्हात बसली होती. सासूचं लुगडं घडी करून मांडीवर ठेवलेलं. आत जाताना आम्ही सगळ्यांना पांढरे झगे घालत असू. त्या लुगड्याच्या पदराला लालसर डाग होता.

"हे काय लागलं?" मी विचारलं.

"आत्याबाईनं पुसलं ना," ती म्हणाली. "पान्यानं जाये ना, मंग तेल अन् राख लावून घासलं."

"काय पुसलं?"

"ते कपायावरचं. आत्याबाईले दिसत नाही, मीच सांगतलं, लाल हाय म्हनून. मामाजीले जाऊन बारा वर्सं झाले बाई. तिच्या कपायी लाल कसं चालन?"

मी लाल औषध निवडलं होतं. तपासणीच्या दिवशी दिवसभर म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर ते फासत होते, त्यातल्या कितीतरी विधवा. माझी स्वतःची आई चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. तिचं रिकामं कपाळ बघत मी लहानाची मोठी झाले. आणि मला हे सुचलं नाही. कुणाला नाही तर मला सुचायला हवं होतं. त्या क्षणी मला स्वतःची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

"मग आता कपाळावर खूण नाहीच?"

"हाय ना. तुमी रागवसान म्हनून मी काजयाची लावून देली. काया रंग चालते."

"कुठल्या डोळ्यावर?"

 सून हळूच म्हणाली, "ज्यानं काहीच दिसत नाही त्याच्यावर. आत्याबाईनंच सांगतलं, तिकडंच लाव म्हने."

 मी चपला तिथेच टाकून आत धावले. ती टेबलावर होती. अंगावर पांढरं फडकं, चेहऱ्यावर भोकाचं कापड, आणि भोकातून उजवा डोळा. डॉक्टरांनी डोळ्यामागे बधिर करायची सुई नुकतीच दिली होती आणि बोटांनी डोळा चोळत ते पाच मिनिटं व्हायची वाट बघत होते. कंपाउंडरला वाटलं होतं, लाल औषध संपलं म्हणून मी काळं लावलं असेल.

"थांबा," मी म्हणाले. "तो डोळा नाही. डावा."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कापड वर उचललं, पापणी दाबून बघितली, कागद मागवला, वाचला. मग माझ्याकडे बघितलं. ते ओरडले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आणखी पाच मिनिटं आल्या नसता तर मी मेलेल्या डोळ्यावर टाके घालत बसलो असतो. बरं. डाव्याची तयारी करा."

तेवढ्यात ती बाई उठून बसली. कापड, फडकं सगळं खाली. डावा डोळा तिने तळहाताने झाकून घेतला होता.

"याले हात लावाचा नाही," ती म्हणाली.

मी तिला समजवायला गेले. समजवायला कसली, झापायलाच गेले. आधीच माझी चूक अंगावर आलेली, त्यात डॉक्टरांसमोर नाक कापलं गेलेलं. म्हणाले, "मावशी, डोकं ठिकाणावर आहे का? तो उजवा डोळा गेलाय. त्याच्यात काही राहिलेलं नाही. त्याला चिरून काय मिळणार?"

"मले माहीत हाय तो गेला," ती म्हणाली. "म्हनून तं तो घ्या म्हनते. बिघडला तं बिघडला. झाला तं झाला."

म्हणजे ती चुकली नव्हती. मी तिला अडाणी समजत होते, आणि तिने मात्र सगळा हिशेब करून ठेवला होता. ती आम्हाला सही-सलामत वस्तू हाती देणार नव्हती, आधी मोडकी देऊन आमचा हात कसा आहे ते बघणार होती. बाजारात मी तरी दुसरं काय केलं असतं?

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बाहेर बाकावर नऊ जण, दुसऱ्या टेबलावर एक जण सुई देऊन तयार. "दहा मिनिटं," ते मला म्हणाले. "तोवर मी याचं उरकतो. नाही ऐकलं तर नाव काढा यादीतून. पण पुढच्या वर्षापर्यंत हा डोळा टिकत नाही, हे त्यांना सांगून टाका."

मी सांगितलं. हा पिकलाय, फुटेल, मग उजव्यासारखाच होईल, कडक आणि अंधार. ती ऐकत होती. हात डोळ्यावरून हलला नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"सहा महिन्यांत, वर्षात. नक्की नाही सांगता येत."

"अन् तुमी आता करसान तं नक्की सांगता येते?"

 कुणी असं कोंडीत पकडलं की मला राग येतो. "मग बसा घरी अंधारात," मी म्हणाले. "आम्हाला काय, बाहेर नऊ जण थांबलेत."

ती रागावली नाही. तोंड माझ्या आवाजाच्या दिशेने वळवून बोलायला लागली. आता ती मला 'तू' म्हणायला लागली होती. "हे पाह्य बाई. या डोयानं मले मानूस नाही दिसत. पन सकाय झाली का समजते. दारात कोनी आलं का उजेड अडते, तं समजते कोनी आलं. वावरात गेली तं कापूस कुठीसा हाय ते पांढरं पांढरं समजते, मंग हातानं वेचते मी. सुनेवर माहं वझं नाही. एवढंच हाय माह्यापाशी. तेबी मांगून राह्यली का तू?"

 मी रोज शाळेत मुलांना डोळ्याची आकृती काढून दाखवायची, भिंग, पडदा, मज्जातंतू, रंगीत खडूने. आणि ही बाई जे सांगत होती ते मला कधी सुचलंही नव्हतं. आमच्या लेखी ती आंधळी होती. तिच्या लेखी ती आंधळी नव्हती, अजून थोडा उजेड बाकी होता, आणि तेवढाच आम्ही सुरीखाली मागत होतो.

दुसऱ्या टेबलावरून डॉक्टर म्हणाले, "पाच मिनिटं."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. विचार करून बोलले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही, तोंडातून निघून गेलं. "मावशी, तुमचा उजेड जाणार नाही. तुम्हाला दिसेल. मी सांगते."

"तू सांगते?"

"मी सांगते."

"दे हात."

मी हात दिला. तिने तो मोकळ्या हातात धरला, पकड पाना-हातोडी धरणाऱ्या माणसाची असावी तशी. किती वेळ धरला आठवत नाही. मग तिने सुस्कारा सोडला, स्वतःच आडवी झाली आणि डाव्या डोळ्यावरचा दुसरा हात काढून पोटावर ठेवला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी काढलेला मोतीबिंदू गॉजवर ठेवला, तुरीच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, पिवळट. दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून तिला उचलून बाजूच्या वर्गात नेलं. हात धुताना डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "शब्द काहून दिला तुम्ही? इतकी वर्षं चाकू चालवून राहिलो, मी कोणाला दिला नाही आजपर्यंत. डोळा आहे तो. माझं काम संपलं की त्याचं सुरू होते."  

बायांचा वर्ग वेगळा होता. खाली भाताचं तणस, त्यावर सतरंज्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोकं हलू नये म्हणून. सहा दिवस असं राहायचं. वाकायचं नाही, खोकायचं नाही, जोर करायचा नाही. मी सगळ्यांच्या कनवटीच्या तंबाखूच्या डब्या काढून घेतल्या होत्या, तंबाखूने ठसका लागतो म्हणून. माझ्या त्या बाईच्या शेजारी दुसऱ्या गावची एक बाई होती. जाडसर, हसरी, जिच्यामुळे पूर्ण वर्ग जागा असायचा. तिचा एक डोळा केला होता, दुसरा अजून पिकायचा होता. ऑपरेशनला ती नाचत गेली होती म्हणा ना. डॉक्टरांना 'देवमानूस' म्हणत होती. मी तिला सारखी दटावायची, हसू नका, टाक्यांवर ताण येईल. ती म्हणायची, "तंबाखू नेला, आता हसूबी नेते का बाई? का ठेवते माह्यापाशी?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पट्ट्या बदलत एकेकीपाशी येत होते. मी ताट धरून मागे. हसऱ्या बाईची पट्टी काढली आणि मला दिसलं. कापसावर पिवळं. पापण्या सुजलेल्या, आणि आत जिथे काळं असायला हवं तिथे पू. डॉक्टर वाकून खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी हळूच पट्टी परत लावली आणि मला बाहेर बोलावलं.

"गेला हा," ते म्हणाले. "जीप पाठवून नागपूरहून इंजेक्शन मागवतो, देऊ. पण गेला." मग म्हणाले, "कोणाला सांगू नका. एकीला कळलं की सगळ्या जणी पट्ट्या ओढून घरी पळतील, आणि चांगले डोळेही घालवतील. तिलाही आत्ता नको." त्यात काही खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी एक म्हातारा नुसता सुई बघून पळाला होता. मी हो म्हणाले.

संसर्ग कुठून आला कळेना, म्हणून डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या आम्ही फेकल्या. भांडी, चिमटे, कापूस, सगळं पुन्हा उकळलं. आणि ते करताना मला आठवलं, आदल्या दिवशी हसऱ्या बाईच्या डोळ्यात थेंब घातले ती बाटली घेऊनच मी पुढे सरकले होते, पुढे माझी बाई होती. तिच्या डोळ्यात त्याच बाटलीचे थेंब गेले होते. मी पडवीत स्टोव्हपाशी बसून घेतलं. 

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिची पट्टी जराशी उघडून बघितली. "अजून तरी स्वच्छ आहे," ते म्हणाले. ते 'अजून तरी' घेऊन मी तीन दिवस काढले.  तासा-तासाला काही तरी निमित्त काढून मी त्या वर्गात जायची आणि तिच्या पट्टीवर कुठे ओल दिसते का बघायची.

हसऱ्या बाईला मी सांगितलं, थोडी सूज आहे. ती म्हणाली, "सुजनच. तू हसू देत नाही, ते सारं तिथीच जाऊन बसलं." आणि हसली. दिवसातून दोन वेळा तिला डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन द्यावं लागायचं, तेव्हा मात्र माझा हात घट्ट धरायची. "दुखणं म्हंजे बरं होऊन राह्यलं ना बाई?" मी म्हणायची, हो.

माझी बाई शेजारी पडून हे सगळं ऐकत असायची. चौथ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "काय झालं वं तिच्या डोयाले?"

"काही नाही. सूज."

"माहा डोया दुखत नाही. हे चांगलं का वाईट?"

"चांगलं."

 सून तिला पातळ लापशी भरवत होती, तिने तोंड उघडलं. मी बाहेर आले. त्या दिवशी मी स्वयंपाक करणाऱ्या माणसावर मीठ जास्त झालं म्हणून इतकी ओरडले की त्याने झारा टाकून दिला.

सहाव्या दिवशी पट्ट्या सोडायच्या होत्या. ऊन वर्गात आलं होतं, म्हणून खिडक्यांना चादरी लावल्या. डॉक्टर एका टोकापासून सुरू झाले. एकेक बाई उठून बसायची, पट्टी सुटायची, जाड भिंगाचा चष्मा डोळ्यांवर चढायचा, आणि मग कुणी रडायची, कुणी डॉक्टरांच्या पायांकडे वाकायला बघायची आणि मी तिचे खांदे धरून ठेवायची. हसरी बाई आवाजावरून सगळ्यांची खबर घेत होती, "हिले दिसलं का? अन् तिले?" तिची पट्टी डॉक्टरांनी सोडली नाही. "तुमची सूज उतरू द्या," म्हणाले आणि पुढे सरकले.

मग माझी बाई. सुनेने पाठीला हात दिला. डॉक्टरांनी पट्टी काढली, ओल्या कापसाने पापणी पुसली. डोळा लाल होता, पण पू नव्हता. बुबुळातला पांढरा ठिपका नव्हता. चष्मा लावला. डॉक्टरांनी मला खूण केली, म्हणून मीच तिच्यासमोर बसले आणि हात वर केला.

"मावशी, किती बोटं?"

 तिची मान थोडी वर, तीच जुनी सवय. मग मान खाली आली.  सून रडायला लागली.

"पाच," ती म्हणाली. "अन् एका बोटात मुंदी हाय."

मी भडभडून रडले. मला रडायला आवडत नाही, चारचौघांत तर नाहीच, पण रडले. ती माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच बघत होती ना. "तूच का वं ते?" ती म्हणाली. "मले वाटलं मोठी पोक्त बाई असन. हे तं माह्या सुनेएवढीच हाय."

मी डोळे पुसले. तिने सुनेला सांगितलं, बाहेरून पाणी आण. सून गेल्यावर मला म्हणाली, "तुले खरंच माहीत होतं का, दिसन म्हनून?"

खोटं बोलायला आता काही हरकत नव्हती. दिसत होतं तिला. पण त्या भिंगाआडून तो डोळा इतका मोठा होऊन माझ्यावर रोखलेला होता, की माझ्याने बोलवलं नाही. "नाही," मी म्हणाले.

"मले समजलं होतं. तुहा हात लटलट कापत होता."

"मग हो का म्हणालात?"

"कापत होता म्हनूनच. म्हटलं, डोया बिघडला तं हिचंबी काहीतरी जाते." तिने चष्मा नाकावर नीट केला. मग मान वळवून शेजारच्या सतरंजीकडे बघितलं. हसरी बाई दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेली पडली होती, तोंड आमच्याकडे, ओठ अर्धवट हसरे, आमच्या बोलण्यातलं काही कानावर येतं का बघत.  माझी बाई माझ्याकडे झुकून अगदी हळू आवाजात म्हणाली, "हिले सांगतलं होतं का कोनी, का डोया जाऊबी शकते म्हनून?"

नव्हतं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ही एकटी भांडली, म्हणून हिच्याशी बोलावं लागलं.

"नाही," मी म्हणाले.

"गेला ना तिचा?"

मी होय म्हणून मान हलवली. आता तिला ते दिसत होतं.

"मंग मले काय पाह्यत बसली?" ती म्हणाली. "जाय तिच्यापाशी."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते वर्गाच्या त्या टोकाला शेवटच्या बाईची पट्टी सोडत होते, पाठ माझ्याकडे. मी उठून शेजारच्या सतरंजीवर जाऊन बसले. माझी चाहूल लागताच हसऱ्या बाईने हात पुढे करून चाचपला, माझं मनगट सापडलं तसं धरलं, आणि उठून बसायला लागली.

"आता माहा नंबर ना बाई?" ती म्हणाली.